बोटीवरचं गरम पाणी

मंदी आली तेव्हा आम्ही शारजात, अल नहदाला राहत होतो. मी दुबईतल्या एका कन्सल्टन्सीत टॉवरच्या प्लंबिंगची डिझाइन्स करायचे. नवरा चार तासांवरच्या रुवैसला रिफायनरीत, पंप-कॉम्प्रेसरच्या मेंटेनन्सला. तो गुरुवारी संध्याकाळच्या बसने यायचा आणि शनिवारी दुपारी परत निघायचा. बाकी आठवडाभर घरात मी आणि दुसरीतली मुलगी.

ऑफिसात माझ्या शेजारी वसईची एक मैत्रीण बसायची. इंटिरियर डिझायनर. एकेक प्रोजेक्ट होल्डवर जायला लागलं तसं एचआरवाले एकेकाला आत बोलवायला लागले, आणि आमच्या रांगेतून तिला बोलावलं. मला नाही. ती बाहेर आली, "खलास," म्हणाली आणि ड्रॉवर रिकामा करायला बसली. त्या दिवशी मी घरी येऊन तिच्यासाठी रडले होते.

तिचा नवरा एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला होता. त्याचाही पगार कापला. फ्लॅट परवडेना. पण त्याच्या हॉटेलात वर्षानुवर्षं उतरणारा एक म्हातारा युरोपियन पाहुणा होता, त्याची मोटरबोट अजमानच्या खाडीत बांधलेली असायची. त्याचा धंदा बसला, तो मायदेशी निघाला आणि बोटीला गिऱ्हाईक मिळेना. तो या दोघांना म्हणाला, विकली जाईपर्यंत तुम्हीच राहा तिच्यात, फक्त स्वच्छ ठेवा आणि आठवड्यातून एकदा इंजिन चालवा.

एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला बोलावलं. मी डबे भरून घेतले, आजाऱ्याकडे नेतात तसे. गाडीत मुलीला बजावलं, "तिथे एसी नाही, जागा नाही असलं काही बोलू नकोस."

बोटीच्या मागच्या फळीवर मैत्रीण पाय पाण्यात सोडून बसली होती. केस कापलेले, चेहरा उन्हाने रापलेला. ऑफिसात तिच्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळं होती ती पार गेली होती. आत एक पलंग, एक बाक, हातभर ओटा आणि कपाटाएवढं बाथरूम. त्या कपाटातसुद्धा तिने खिडकीला खणाच्या कापडाचा पडदा लावला होता. माझी मुलगी दिवसभर गळ टाकून बसली आणि निघायच्या वेळी म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टू गो होम."

मी रिकामे डबे पिशवीत भरले. नोकरी गेली तिची. घर गेलं तिचं. आणि जळत होते ती मी.

मग दर शुक्रवारी जाणं सुरू झालं. हट्ट मुलीचा असायचा, पण खरा उत्साह नवऱ्याचा. घरी आला की हा माणूस सोफ्यावर आडवा व्हायचा. मी काही विचारलं की "बघू" म्हणायचा. बोटीवर पाऊल टाकलं की बाह्या वर. मैत्रिणीच्या नवऱ्याबरोबर तो इंजिनावरची फळी उचलायचा आणि दोघं तासन्‌तास डोकं खुपसून बसायचे. मैत्रीण वरून पाने देता देता त्याची टर उडवायची, "इंजिनियरसाहेब, हा पाना बारा नंबरचा का तेरा?" आणि तो हसायचा. मोठ्याने हसायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकलेलं ते हसू मी विसरूनच गेले होते. माझ्या हातात तेव्हा पोह्यांचा डबा असायचा.

जानेवारीत तिची सासू वसईहून महिनाभर राहायला यायची ठरली. बातमी सांगताना मैत्रिणीचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला दिसला. म्हणाली, "आईंना पहिल्यापासून हे पसंत नाही. थंड पाण्याने अंघोळ करावी लागली तर पहिल्या दिवशीच म्हणतील, चला परत गावाला. आणि हा ऐकेल त्यांचं."

म्हणजे गरम पाण्याची पंचाईत होती. उन्हाळ्यात तिकडे थंड नळालाही चटका बसणारं पाणी येतं, पण जानेवारीत खाडीवर सकाळी चांगलाच गारठा असतो. बोटीत गिझर नव्हता. इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणारं पाणी, म्हणजे कूलंट, तापलं की एका रबरी नळीतून पलंगाखालच्या टाकीत जायचं, टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरायचं आणि दुसऱ्या नळीने इंजिनात परतायचं. वेटोळ्याभोवतीचं अंघोळीचं पाणी त्या उष्णतेने तापणं अपेक्षित होतं. ते तापत नव्हतं. मैत्रीण आणि तिचा नवरा पातेल्यात पाणी गरम करून भागवत होते.

माझ्या नवऱ्याचं निदान तयार होतं. "थर्मोस्टॅट. उघडाच राहत असणार, इंजिन तापतच नाही." आदल्या शुक्रवारी दोघा पुरुषांनी मिळून तो बदललाही होता. त्या दिवशी इंजिन अर्धा तास चालवलं, तरी नळाला गारच पाणी. मग तो म्हणाला, टाकीतलं वेटोळं गाळाने भरलं असेल, टाकीच बाहेर काढू.

मला कोणी विचारलं नव्हतं. इमारतींच्या गरम पाण्याच्या लाइनी हे माझं रोजचं काम. तरी मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते आणि मनात कुठेतरी वाटत होतं, नाहीच आलं गरम पाणी तर बरं. तिच्या सासूबाई त्या दोघांना गावाला घेऊन जातील. शुक्रवार पुन्हा माझे होतील.

पण टाकी बाहेर काढायची म्हटल्यावर राहवेना. ती पलंग फोडल्याशिवाय निघणार नव्हती.

"इंजिन तापतंय का? काटा कुठे आहे?" मी विचारलं.

"काटा बरोबर आहे," मैत्रिणीचा नवरा म्हणाला. "आधीही बरोबरच असायचा."

"मग थर्मोस्टॅटचा काय संबंध?" मी म्हणाले. नवऱ्याने हातातला पाना खाली ठेवला.

मी गुडघ्यावर बसून इंजिनातून निघणारी नळी चाचपली. हात ठेववेना इतकी गरम. मग पलंगाखाली सरपटत गेले. टाकीत शिरणारी नळी हातभर अंतरापर्यंत कोमट, पुढे गार. परतीची तर बर्फासारखी.

"पाणी फिरतच नाहीये," मी पलंगाखालून म्हणाले. "शेवटचं गरम पाणी कधी आलं होतं?"

मैत्रीण म्हणाली, "आम्ही आलो तेव्हा मस्त यायचं. मग ह्याने कूलंट बदललं. त्यानंतर नाही."

मग उरलंच काय. टाकी इंजिनापेक्षा उंचावर होती. कूलंट काढून नवीन भरताना वरच्या नळीत हवा अडकली होती आणि ती पाण्याला पुढे जाऊ देत नव्हती. टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर असं झालं की आम्ही हवा काढायचा व्हॉल्व्ह उघडतो. इथे तसला व्हॉल्व्ह नव्हता. नळी आवळून धरणारा क्लॅम्पच सैल करावा लागणार होता.

"आत्ता नाही," नवरा लगेच म्हणाला. "गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल. आधी थंड होऊ दे."

म्हणून आम्ही जेवलो. मैत्रिणीने बांगड्याचं कालवण केलं होतं. नवरा तिला रुवैसचा एक किस्सा सांगत होता, कुठल्या तरी सुपरवायझरच्या हेल्मेटमध्ये मांजरीने पिल्लं घातली होती. मी तो किस्सा पहिल्यांदा ऐकत होते. मला कधी सांगितला नव्हता. ती हसता हसता त्याच्या ताटात अजून भात वाढत होती आणि मी ताटातले काटे वेचत होते.

दुपारी इंजिन निवल्यावर मी टाकीपाशी बसले. मैत्रिणीच्या नवऱ्याने झाकण उघडून हळूहळू कूलंट ओतायला घेतलं. मी क्लॅम्प सैल करून नळी जराशी ओढली. फुसफुस आवाज झाला, मग फेस, मग पुन्हा हवा. "ओतत राहा," मी म्हणत होते. शेवटी बुडबुड्यांशिवाय हिरवं कूलंट आलं तशी नळी घट्ट बसवली. इंजिन सुरू केलं. थोड्या वेळाने परतीच्या नळीवर हात ठेवला तर ती तापत होती.

"यल्ला, चला एकदाचं," मैत्रीण म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. "पहिली अंघोळ तुझी. नाही म्हणायचं नाही."

त्या कपाटाएवढ्या बाथरूममध्ये मी अंगावर गरम पाणी घेत होते. कामाचा आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. पण बाहेरून पुन्हा नवऱ्याचं हसू ऐकू आलं, आणि पाणी संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

परतताना मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. मी म्हणाले, "तू तिच्याशी किती बोलतोस."

"तिच्याशी म्हणजे?"

"माझ्याशी असा हसत नाहीस."

सिग्नल लागला होता. त्याने गाडी थांबवली. मग म्हणाला, "तिथे मला कोणी विचारत नाही पुढे काय होणार म्हणून. घरात शिरलो की तू विचारतेस. तिकडे किती लोक काढले, तुझं नाव आहे का, फ्लॅट ठेवायचा का. मला माहीत नसतं गं. खरंच माहीत नसतं."

"मग मी कोणाला विचारू?"

सिग्नल सुटला, त्याने गाडी काढली. घरी पोचल्यावर त्याने झोपलेल्या मुलीला उचलून वर नेलं.

मैत्रिणीच्या सासूबाई आल्या, गरम पाण्याने अंघोळ करून बोटीच्या टपावर माळ जपत बसल्या, आणि महिन्याऐवजी दोन महिने राहिल्या. उन्हाळ्याआधी माझ्याही कंपनीने मला आत बोलावलं. मी नवऱ्याला फोन केला तेव्हा आठवड्याचा मधला दिवस होता. तो रजा टाकून संध्याकाळी दारात उभा राहिला. "काय होणार" असं मी त्या दिवशी विचारलं नाही. त्यानेच सांगायला सुरुवात केली. कंपनीची क्वार्टर्स मिळतील, मुलीला तिथली शाळा आहे, गाव लहान आहे, तू कंटाळशील.

आम्ही रुवैसला गेलो. पहिले काही दिवस तो रोज ड्यूटी संपवून घरी यायचा आणि आम्हा दोघांनाही काय बोलावं सुचायचं नाही. मग हळूहळू तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहायला लागला. मी कणीक मळत असताना प्लांटमधलं काही ना काही सांगायचा.

बोट पुढच्या वर्षी विकली गेली. मैत्रिणीला अबुधाबीत नोकरी लागली, पहिल्यापेक्षा चांगली, आणि समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅटही मिळाला. आम्ही अधूनमधून जातो. अबुधाबीची पाटी दिसली की नवरा गाडी जरा जोरात हाकायला लागतो. मी बाजूला बसून वेगाच्या काट्याकडे बघते आणि मला अजूनही राग येतो.