पोराची घागर

आमच्या खानदेशात घरातलं कोणी गेलं की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याच्या नावाची घागर भरतात. मातीची घागर, तिच्यावर लोटा, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या. गेलेल्याला त्या दिवशी पाणी पोचतं, असं आई सांगायची. सिल्वासात येऊन वीस वर्षं झाली, सासऱ्यांची घागर मी कधी चुकवली नाही. यंदा पोराची पहिली होती.

हे म्हणाले, "त्याची भरायची नाही. भरलीस तर तो मेला असं होईल."

मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला, त्यानंतर कंपनीतल्या कोणीतरी ह्यांना एका माणसाच्या रविवारच्या प्रार्थनेला नेलं होतं. तो बायबलातले आकडे वहीत मांडायचा आणि सांगायचा, होळीनंतरच्या चौथ्या रविवारी मेलेले उठतील. कोणत्या चर्चचे, असं विचारलं की हसायचा. मला ते हसणं पटलं नाही. मी एकदाच गेले, मागे बसले. तो थडगी उघडण्याचं सांगत होता. आमचा तर जाळला, राख दमणगंगेत सोडली. तो कुठून उठणार? चारचौघांत विचारायला तोंड उघडलं नाही.

त्याने ह्यांना बायबल दिलं होतं, काही ओळींखाली लाल पेन्सिल मारलेलं. हे तेवढ्याच ओळी वाचायचे. मी धाग्याच्या कंपनीत कोन, म्हणजे धाग्याच्या गुंडाळ्या, तपासते. बाहेरून सगळेच चांगले दिसतात, म्हणून उलटा करून खालूनही बघते. हे पाळीला गेले की मी लाल रेघ नसलेल्या ओळी बोट ठेवून वाचायला लागले. शाळा चौथीपर्यंत, एका पानाला अख्खी दुपार जायची. एका जागी थांबले. खात्री होईना म्हणून शेजारच्या मावशींकडे नेलं. त्या खानवेलच्या, लहानपणापासून चर्चला जाणाऱ्या.

"बरोबर वाचलंस," मावशी म्हणाल्या. "तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असंच आहे ते. आम्हीही वाट बघतो, पण तारीख लावत नाही."

ह्यांना दाखवलं, तर चौथी शिकलेली मला शिकवायला निघाली, म्हणाले.

त्या रविवारी ह्यांनी मुलाचा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला आणि दिवसभर दार उघडं ठेवलं. संध्याकाळी तो माणूस म्हणाला, मोजण्यात चूक झाली, आता दिवाळीनंतर. ह्यांनी तेही मानलं.

आखाजीला ह्यांची पहिली पाळी होती. मी दोन्ही घागरी भरल्या. हे तीनला आले आणि चपला न काढताच उभे राहिले. आता लाथ मारतात, असं वाटलं. त्यांनी खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिलं, मग पोराच्या घागरीकडे.

"सांजोऱ्या दोनच ठेवल्यास?" म्हणाले. "त्याला तीन लागायच्या."

मी सांजोरी आणली. ती त्यांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः ठेवली.

शर्ट अजून खुंटीलाच आहे. रविवारी हे बाहेर पडले की कोणत्या बाजूला वळतात, ते मी खिडकीतून बघते.