नवरा गोड बोलायला लागला तेव्हा

लग्नाआधी मी सोळा सोमवार केले होते. पिंगळीच्या महादेवापुढं डोळे मिटून मागितलं होतं, नवरा गोड बोलणारा दे. सोनं नाही, जमीन नाही. अशी मी हुशार! देवानं ऐकलं, पण माल पोचायला चाळीस वर्षं लागली. आणि पोचला तेव्हा मीच दारात आडवी उभी राहिले.

मधल्या काळात पदरी पडलं ते असं. गंगाखेडला आमचं कापडाचं दुकान. तिथं हे गिऱ्हाइकाला "ताई, बसा, पाणी घ्या" करायचे आणि घरी आले की, "हा चहा हाय का भांडी धुतलेलं पाणी?" चहा बरा असला तर कप तडकलेला, कप धड असला तर मी उशीर केलेला. मी मनातल्या मनात उलट बोलायचे आणि त्यालाच संसार समजायचे.

मग यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. नांदेडला ऑपरेशन झालं, नंतर केमोच्या फेऱ्या. सदरे अंगावर लोंबायला लागले. शेवटची फेरी झाली आणि एका सकाळी चहाचा घोट घेऊन हे म्हणाले, "छान झालाय गं. तू घेतलास का?"

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

आमच्याकडं म्हणतात, जायची वेळ आली की माणूस गोड होतो. जन्मभर मला टोचून बोलणाऱ्या सासूबाई शेवटच्या आठवड्यात "बाई माझी" म्हणाल्या होत्या. मला कळून चुकलं, डॉक्टरनं यांना काहीतरी सांगितलंय आणि बापलेक मिळून लपवायलेत.

लेकाला गाठलं. "आई, रिपोर्ट चांगलाय. तुझ्यासमोरच वाचला की!" हा पोरगा लहानपणी दूध सांडून मांजरीचं नाव घ्यायचा. त्याच्यावर कोण भरवसा ठेवणार?

मग मी यांची परीक्षा घ्यायला लागले. साठी ओलांडलेली, नातवंडांची आजी, आणि धंदे बघा! वरणात मीठच घातलं नाही. यांनी उठून मिठाचं भांडं आणलं, माझ्याही ताटात वाढलं. पेपर चुरगाळून ठेवला, तर म्हणाले, "तूच सांग काय नवीन." एकदा चष्मा पिठाच्या डब्यात लपवला. सापडल्यावर हे तो तसाच डोळ्याला लावून खो खो हसले. मी आत जाऊन रडले. एवढा गोड माणूस काही टिकत नसतो.

शेवटी एकटीच पिंगळीला गेले. महादेवाला म्हटलं, "तेव्हा अक्कल नव्हती. गोड नको. होता तसा तिरसट परत दे, पण राहू दे."

घरी आले तर हे दारापुढच्या ओट्यावर बसलेले. "कुठं गेलतीस?"

सगळं सांगून टाकलं. चष्म्यासकट.

"आपल्या दुकानात पाटी काय लावलीय?" हे म्हणाले.

"विकलेला माल परत घेतला जाणार न्हाई."

"मग देव कसा घेईल?"

"थट्टा नको. तुमी काय लपवायलात?"

यांनी सरकून मला शेजारी बसवलं. "लपवायला काय हाय? माझं गोड बोलणं सगळं दुकानातच खपायचं. केमोची सुई लावून पडलो की दारातून तू दिसायचीस, बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. वाटायचं, हिच्यासाठी आपण काय शिल्लक ठेवलं?"

"जायलात म्हणून न्हाई ना?"

"ते डॉक्टरला बी माहीत न्हाई. रिपोर्टात हाय तेवढं तुला माहीतच हाय."

"मग एकदा ओरडा माझ्यावर."

हे उभे राहिले, घसा खाकरला. "हा चहा हाय का..." आणि हसू फुटलं. हातात चहाच नव्हता.

त्याला आता काही वर्षं झाली. हे गोडच आहेत आणि माझा अजून पुरता विश्वास नाही. तपासणीला नांदेडला जायचं असलं की सकाळपासून मी यांच्या तोंडाकडं बघत राहते. मग पायात चपला घालता घालता हे दारातून ओरडतात, "हा चहा हाय का भांडी धुतलेलं पाणी?"

आवाज अजिबात जमत नाही. मी आतून म्हणते, "आणखी जोरात."