कबरस्तान चकाचक केलंय म्हणे!

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले, तरी माझा राग उतरत नाही.

आज सकाळी दौंडच्या कबरस्तानात वडिलांच्या कबरीवर फुलं ठेवायला गेले होते. सत्तरच्या दशकात पप्पाच तिथले राखणदार होते. नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, आम्हा ख्रिस्ती लोकांची सगळी कुटुंबं कबरी सजवायला येतात. त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत ते गवताला विळा लावू द्यायचे नाहीत, कारण त्यात तितरं अंडी घालायची. कुणी टोकलं तर म्हणायचे, "माणसं निजल्यात. पाखरांनी तरी जागं राहावं की!"

आज बघते तर तणनाशक मारून सगळं गवत जाळलेलं. वर प्रत्येक दगडाला पांढरा ऑइल पेंट फासलेला. कोरलेली अक्षरं पार बुजली.

रंगाचा डबा घेतलेला माणूस कौतुकानं म्हणाला, "मावशी, गवताची एक काडी ठेवली न्हाई. कसं चकाचक दिसतंय!"

"आन् नावं कुठं गेली?"

"जुनी नावं कोण वाचतंय आता?"

"मी वाचते! माझ्या बापाचं नाव हाय त्यात!"

सगळे दगड आता सारखेच दिसत होते. मी एकेक दगड बोटांनी चाचपत गेले. तिसऱ्या रांगेत, ओल्या रंगाखाली, पप्पांच्या नावाचं पहिलं अक्षर बोटाला लागलं. फुलं ठेवली.

बोटाचा रंग अजून निघाला नाही. पण मला सांगा, ज्यांच्या कबरीवर बोट फिरवायला कुणीच उरलं नाही, त्यांची नावं आता कोण शोधणार?