बाबांच्या पाठीवरची मशीन

माझे बाबा, धोंडू, शिवडीच्या गोदामात माथाडी आहेत. सव्वीस वर्षं पाठीवर गोण्या. भोईवाड्यात घरी आले की आधी भिंतीला पाठ टेकवणार, मग पाणी मागणार.

मार्चमध्ये कंपनीने ट्रायलला एक सूट आणला. मांडीला, कमरेला पट्टे आणि पाठीवर मोटर. पन्नास किलोची गोणी दहाची वाटते म्हणे. फॉर्म इंग्लिशमध्ये, म्हणून बाबांनी माझ्याकडे दिला. मी दोन मिनिटांत भरून टाकला, खाली बाबांची सहीही मीच ठोकली. वाचला पण नाही!

"बाबा, बॉडी अपग्रेड तुमची!"

"होय गो, उद्या चंद्रावर धाडतीत माका," बाबा लाजले.

आता बाबांच्या माथाडी टोळीची एक रीत आहे. कुणाचं दुखत असलं की बाकीचे त्याच्या गोण्या गुपचूप उचलतात, साहेबाला पत्ता लागू देत नाहीत. टोळीतल्या गणपतकाकाची कंबर दोन वर्षं गेलीये. आमच्याच चाळीत राहतो, दोन खोल्या सोडून. सूट मिळाल्यावर बाबा त्याच्या सगळ्याच गोण्या उचलायला लागले. "गणप्या, तू बस रे. आज मी क्रेन आसंय!"

पण सूट मोजत होता ना. बाबा किती वेळा वाकले, किती उचललं, सगळं साहेबाच्या लॅपटॉपवर. फॉर्मच्या सहाव्या पानावर लिहिलं होतं. मी नंतर वाचलं.

जूनमध्ये साहेबाने ग्राफ दाखवला. सूटवाला एक माणूस दोघांचं काम करतो, मग गणपत कशाला? काढला त्याला.

संध्याकाळी बाबा त्याच्या दारात गेले. मी मागेच होते.

"धोंड्या, तू गोण्या नाय उचललंस," काका म्हणाला. "माकाच उचलून भायर टाकलंस."

आणि दार लावून घेतलं. आमच्या चाळीत दिवसाउजेडी कोणी दार लावत नाही.

सूट रोज रात्री घरीच चार्ज व्हायचा. घरी येऊन मी त्याचा चार्जर उपटला. "परत करा हे! उद्या नेऊ नका!"

बाबांनी वायर माझ्या हातातून घेतली, परत लावली.

"काल बॅटरी संपलेली गो. तशीच एक गोणी उचलूक गेलंय. गुडघ्यार पडलंय. एकच गोणी."

मोटरच्या सवयीने तीन महिन्यांत सव्वीस वर्षांची पाठ गेली. सही माझी.

बाबा भिंतीला टेकून बसले. पाणी नाही मागितलं.