आमच्या घराण्याचं गरम रक्त

बी.ए. झालो तेव्हा मी लालबागला काकांकडे राहत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांनी माझ्या पुढच्या शिक्षणासाठी आईची समजूत घातली आणि कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या काकांनी चाळीतल्या आपल्या एकुलत्या खोलीत मला जागा दिली, म्हणून ते घडलं.

फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी माझी निवड झाली. आईला आता गावी दुसऱ्यांच्या शेतात राबावं लागणार नाही, हा विचार करत मी डॉक्टरी तपासणीला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, पाऱ्याकडे पाहिलं आणि माझं वय विचारलं. मग पुन्हा पट्टा गुंडाळला.

"ब्लडप्रेशर जास्त आहे. महिन्याभराने परत या. तेव्हाही असंच निघालं तर ही जागा तुम्हाला देता येणार नाही."

घरी येऊन सांगितलं तर काका हसलेच. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. काका मोर्चाहून रोज घसा बसवून परतत. "अरे, सध्या अख्ख्या लालबागचं रक्त चढलंय. मग काय सगळ्यांच्या नोकऱ्या काढतील? आणि आपल्या घराण्याचं रक्त तर मुळातच गरम. तुझा आजा खोताच्या अंगावर धावून गेला होता, ठाऊक आहे ना?"

"गेला होता," चुलीशी बसलेली काकी म्हणाली, "आणि पन्नाशीच्या आत देवाघरीही गेला."

आजोबांच्या अंगावरून वारं गेलं होतं. माझ्या वडिलांचंही तेच झालं. शेतावरून आले, पडवीत टेकले, ते पुन्हा उठले नाहीत. मी तेव्हा चौथीत होतो. त्यामुळे काकांच्या हसण्यात मला सामील होता येईना.

चाळीखाली एक दवाखाना होता. तिथले डॉक्टर दादरहून येत. त्यांनी मला तपासलं आणि मीठ कमी कर, रोज चाल, वेळेवर झोप, असं सांगितलं. काकीने त्यातलं मीठ तेवढं मनावर घेतलं, तेही एखादं व्रत घ्यावं तसं. मिठाच्या बरणीला फडकं बांधून ती तिने वरच्या फळीवर ठेवली. "नोकरी मिळेपर्यंत या घरात मिठाचा खडा पडणार नाही," तिने जाहीर केलं. आमटी अळणी, भाजी अळणी, भाकरीही अळणी. काका दोन घास खाऊन म्हणाले, "मोर्चात लाठी खाईन, पण हे नको." पण काकी स्वतःही तेच खात होती, म्हणून त्यांनाही खावं लागलं.

मला घास गिळवेना, हे काकीला दिसत होतंच. म्हणून ती पानात तोंडी लावायला काहीतरी वाढायची. गावाहून आलेला सुका बांगडा चुलीत भाजून, खारातल्या कैरीची फोड, आणि वाटीभर सोलकढी. पूर्वी या गोष्टी अधूनमधून असत, आता दोन्ही वेळा. मीही कृतज्ञतेने सगळं संपवत असे.

पंधरवड्याने चाळीखालच्या डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. पारा उतरला तर नव्हताच, थोडा चढला होता. त्यांनी मला खोदून विचारलं, मी शपथेवर सांगितलं की घरात मीठ बंद आहे. जिना चढताना मनात एकच विचार होता. अभ्यास करून परीक्षा पास होता येते, पण बापाचं दुखणं अंगात उतरलं असेल तर त्याला काय करायचं? कचेरीची जागा हातची गेली, असं मी मनाशी धरून चाललो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी हरताळ झाला. ट्राम बंद, बस बंद, परळच्या नाक्यावर पोलिसांच्या गाड्या. शेजारच्या आजारी म्हातारीला बघायला आलेले डॉक्टर चाळीतच अडकले. भर दुपारी त्यांना उपाशी कसं सोडायचं? काकीने त्यांना आमच्याकडे जेवायला बसवलं.

"मला याच्याच पानातलं वाढा, वहिनी," डॉक्टर म्हणाले. "बघू तरी काय खातो."

त्यांनी भेंडीची भाजी चाखली. "उत्तम. अगदी अळणी." काकीचा चेहरा फुलला. मग त्यांनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"यात मीठ कोणी घातलं?"

"मी नाही हो. देवाशपथ."

"खारट लागतंय."

"ते आगळाचं." आगळ म्हणजे कोकमाचा रस, टिकावा म्हणून गावीच मीठ घालून ठेवलेला. "आगळात असतंच की मीठ. कढीत मी नाही घातलं."

"आणि हा बांगडा?"

"तो गावाला खारवलेला. इथे मी नुसता भाजला."

"आणि कैरी?"

काकीने वरच्या फळीवरच्या बरणीकडे पाहिलं. काका मात्र खूश. "डॉक्टर, आम्ही समुद्राकाठची माणसं. आमचं सगळंच खारट. या घरात बरणीतलं तेवढंच मीठ, बाकीचं नुसतं जेवण."

डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र मनापासून विचारलं, "पण वडिलांचं, आजोबांचं असंच झालं. रक्तातच असेल तर मीठ सोडून काय उपयोग?"

त्यांनी हात धुतले, बॅगेतून यंत्र काढलं आणि आधी काकीच्या दंडाला पट्टा बांधला. तिचं प्रेशर एखाद्या मुलीसारखं निघालं. मग काकांची पाळी. ते नको नको म्हणाले, पण दारात शेजारी जमले होते, माघार कशी घेणार? त्यांचं माझ्यापेक्षाही जास्त निघालं.

"हिचं कसं नाही चढलं?" काकांना ते पटेना. "सगळ्यात जास्त आंबट-खारट तर हीच खाते."

"त्यांचं माहेर वेगळं," डॉक्टर म्हणाले. "त्यांना सोसतं, तुम्हा काका-पुतण्याला नाही सोसत. घराण्याकडून बी आलंय ते मला उपटता येणार नाही. पण तुम्ही रोज त्याला मीठ घालून वाढवताय, ते तर थांबवाल?" मग काकांना म्हणाले, "आणि रक्त तापवणारे पेपर चहाच्या आधी वाचू नका. जेवण झाल्यावर वाचा."

"आमच्या माहेरी सगळे नव्वदी गाठतात," काकीने शेजारणींकडे बघत सांगितलं. पुढे कितीतरी दिवस काकांनी आवाज चढवला की ती एवढंच म्हणे, "तुमचं घराणं बोललं वाटतं."

दुसऱ्या दिवशी आगळाची बाटली आणि सुक्या मासळीचा डबा शेजारी गेला. काकी ताज्या मासळीला चिंचेचा कोळ आणि लसूण लावू लागली. ते खरोखर चांगलं लागे. गिरणीत सकाळची पहिली पाळी नसेल तेव्हा काका मला घेऊन वरळीच्या समुद्रापर्यंत चालत. वाटेत ओळखीचे लोक भेटत, संयुक्त महाराष्ट्रावर वाद निघे, काकांचा आवाज वर जाई आणि मी त्यांना कोपराने ढोसत असे. "गप रे," ते म्हणत, "हे प्रेशर नव्हे, हे मत आहे."

तपासणीच्या दिवशी मी फोर्टात लवकर पोहोचलो आणि चाळीखालच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाकावर शांत बसून राहिलो. आत पट्टा गुंडाळताना माझं सगळं लक्ष पाऱ्याकडे होतं, आणि त्यातलं मला काहीच कळत नव्हतं. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी एकदा पाहिलं. पुन्हा पट्टा बांधतील म्हणून मी दंड तसाच पुढे धरून ठेवला.

"शर्ट घाला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे ठीक आहे. काठावर आहात, पण ठीक आहे. असंच सांभाळा."

घरी आलो तेव्हा काकी खाली नळावर होती, हंडा अर्धा भरलेला. मी सांगितलं. तिने ओल्या हाताने माझ्या गालावरून हात फिरवला, पदराने डोळे टिपले आणि रांगेतल्या बायकांना मोठ्याने म्हणाली, "सरकारी नोकर झाला गो आमचा."

मग हंडा माझ्या डोक्यावर दिला. "चल, वर ने. नि सावकाश चढ, धावू नको."

काका साच्यावरून सुटायला अजून वेळ होता. मी हंडा घेऊन, प्रत्येक मजल्यावर सांगत सांगत, सावकाश वर गेलो.