काळीविरुद्धचा अर्ज

आयुष्यात मी केलेल्या अर्जांपैकी एकच मागे घेतला, आणि तो एका कुत्रीविरुद्ध होता. तहसील, टपाल, वनखाते यांच्याविरुद्ध लिहिलेला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे. काहींची उत्तरे तर अजून यायची आहेत. त्या एका अर्जाची मात्र लाज वाटते, म्हणून हे लिहितो.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षे झाली असतील. आमचे गाव मलकापूरच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. भुईमूग भरू लागला की रानडुकरे खाली उतरत आणि वावर नांगरल्यासारखे उलटे करून जात. त्या काळी डुकराच्या शिकारीला आमच्याकडे आडकाठी नव्हती. पुढे कायदा आला, तो मी पाळला.

गावाचे रक्षण एका माणसाकडे होते. नाल्याकाठी त्याचा भाजीपाल्याचा मळा होता आणि त्याच्याजवळ चार कुत्री होती. ज्याच्या वावरात डुकराचे खूर उमटतील, त्याच्याकडे तो कुत्री घेऊन जाई. त्याबद्दल सुगीत प्रत्येक खळ्यावरून कुत्र्यांच्या नावाने एक सूप ज्वारी त्याला मिळे. ही झाली एक रीत. दुसरी रीत अशी, की जे कुत्रे डुकराला पाठ दाखवील त्याला नदीपलीकडे नेऊन सोडायचे. भीती ही खरजेसारखी एकाकडून दुसऱ्याला लागते, असा गावाचा समज होता.

आश्विनातल्या एका सकाळी माझ्या वावरात खूर उमटले. आम्ही वीसेक माणसे काठ्या-भाले घेऊन निघालो. पुढे काळी. ती मळेवाल्याची जुनी कुत्री, तोंडावर पांढरी झालेली. माग तिने काढायचा आणि उरलेल्या तिघांनी धावायचे, अशी त्यांची वाटणी होती. डुकराने एकदा ज्वारीतून आणि एकदा चढावरून गुंगारा दिला. ऊन चढले. मळेवाल्याने कुत्री बाभळीखाली बसविली आणि पळसाच्या द्रोणात पाणी ओतून एकेकाला पाजू लागला. मी घड्याळ काढले.

"अर्धा तास झाला," मी म्हणालो.

"घड्याळ तुमचं चालू द्या, भाऊसाहेब. कुत्र्याइच्या जिभा आत गेल्या की उठतो. तापल्या नाकाले वास येत नाही."

तिसऱ्या वेळी डुक्कर एका अरुंद घळीत शिरले. घळीवर काटेरी बोराटीचे छत होते. काळी तोंडापर्यंत गेली, हुंगली, आणि परत येऊन मळेवाल्याच्या पायाशी बसली.

"छू करा ना तिला!" मी ओरडलो.

"केलं. ती नाही म्हणून राह्यली."

"नाही म्हणते म्हणजे? तिला विचारले कोणी?"

"म्याच इचारलं. इचारायलेच तं आनतो तिले."

माणसे हसली. त्या हसण्याने माझे डोके फिरले. माझ्या खळ्यावरची ज्वारी खाऊन ऐनवेळी बसकण मारणाऱ्या कुत्रीला गावाने का पोसावे, असे मी वीस माणसांदेखत विचारले, आणि ती जात नसेल तर दुसरे कुत्रे सोडा, असे बजावले. मळेवाल्याने तांबड्या कुत्र्याची दोरी सोडली. ते जेमतेम दोन वर्षांचे होते. त्याला नाही म्हणता येत नव्हते.

आतून एक भुंकणे ऐकू आले, मग किंकाळी. तांबडा तीन पायांवर बाहेर आला. त्याची कूस उघडी पडली होती. त्याच्यामागे डुक्कर आमच्या मधून निघून गेले. कुणाचीही काठी उठली नाही. भालेवाले काठावर चढले होते आणि त्यांच्याही आधी मी चढलो होतो.

मळेवाल्याने गोधडीच्या सुईने जखम शिवली, हळद भरली.

त्याच दिवशी मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. "सदर कुत्रीने नेमून दिलेले काम ऐनवेळी नाकारले. तिच्या नकारामुळे अननुभवी कुत्र्यास गंभीर इजा झाली. सबब रूढीप्रमाणे तिला नदीपार करावे." कुत्रे सोडायला मी भाग पाडले, ही गोष्ट त्या अर्जात कोठेही नव्हती. कुत्रीचा निवाडा करण्याचा अधिकार पंचायतीला कोणत्या कलमाने मिळतो, हाही प्रश्न मला, एरवी कलमाशिवाय पाऊल न टाकणाऱ्याला, सुचला नाही.

सुनावणी चार दिवसांनी होती. पुरावा भक्कम हवा म्हणून मी जागेचा पंचनामा करायला निघालो. दोन शेजाऱ्यांना पंच म्हणून नेले. घळीचे तोंड पाहून दोघेही म्हणाले, "आमी हितूनच पाह्यतो." तेव्हा मोजायची दोरी घेऊन मीच गुडघ्यांवर आत शिरलो. आठ हातांवर घळ संपली. समोर खडक, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली दरड, खाली चुरगळलेले गवत आणि त्यावर वाळलेले रक्त. डुकराला पळायला वाट नव्हती आणि कुत्र्याला बाजूला उडी मारायला जागा नव्हती. मला तर वळताही येईना. तसाच मागे सरकत निघालो तेव्हा सदरा बोराटीत अडकला, आणि तो फाडला तेव्हा कुठे त्या रिकाम्या घळीतून सुटलो. काळीने हे सारे तोंडाशीच, एका श्वासात जोखले होते.

सुनावणीला मारुतीच्या पारावर सारा गाव होता. खालच्या पायरीवर काळीची दोरी मनगटाला दोनदा गुंडाळून मळेवाला बसला होता. मी उभा राहून सांगितले, की अर्ज मागे घेतो.

"काऊन?" सरपंचांनी विचारले.

"चूक लिहिले."

भुईमूग गेलेला एक शेतकरी उठला. गावभर वाचला गेलेला माझा अर्ज त्याला तोंडपाठ झाला होता. "'तिच्या नकारामुळे इजा झाली.' हे तुमीच लिवलं ना, भाऊसाहेब? सही कोनाची हाय?"

"माझी."

"मंग? सरकारले लिवता ते खरं, अन् आमाले लिवता ते चूक?"

पार हसून दणाणला. माझी वाक्ये मीच इतकी घट्ट बांधली होती की मलाच ती उकलेनात. सरपंचांनी मळेवाल्याला विचारले.

"माह्यं काय," तो म्हणाला. "काळी जा म्हनते तिथं जातो, नाही म्हनते तिथून फिरतो. हिले नदीपार सोडसान तं मी आंधळा होईन."

तरी माना हलल्या नाहीत. मग माझा तोल गेला. स्वतःच्या पोटाला काठीचा आडोसा करून कुत्र्याकडून छाती मागणाऱ्या माणसांची मला विलक्षण चीड आली, आणि त्यांत पहिला मी होतो म्हणून ती दुप्पट झाली. घळ मोजलेली दोरी मी त्या शेतकऱ्यापुढे फेकली. "घळ रिकामी आहे. शेवटपर्यंत जा, मी पन्नास मोजीपर्यंत आत थांबा, आणि मग तिला नदीपार करा. मी हरकत घेणार नाही."

"रिकामी हाय तं जातो ना!"

"जाय बे, पन बायकोले सांगून जाय," मागून कोणीतरी म्हणाले.

सारा गाव घळीपर्यंत आला. तो आत शिरला. मी सतरापर्यंत मोजले असेल, तोच तो उलटा सरकत बाहेर आला. त्याचे मुंडासे आत काट्यात राहिले होते. ते आणायला तो पुन्हा गेला नाही. अंगावरची माती झटकून तो काळीजवळ गेला आणि खाली न बसताच म्हणाला, "बरोबर होती वं तू."

निवाडा तेवढाच झाला. सरपंचांनी अर्ज मला परत दिला. त्याच कागदाच्या मागे मी तिथेच मळेवाल्याला लिहून दिले, की माझ्या वावरात कुत्रीने नकार दिल्यास शिकार थांबविली जाईल. आणि खाली सही केली. मळेवाल्याने कागद उलटसुलट पाहिला. त्याला वाचता येत नव्हते.

"कागद कायले? तिच्याकडं पाह्यत जा, म्हंजे झालं."

पुढच्या वर्षी भुईमुगात पुन्हा खूर उमटले. तांबडा लंगडत का होईना, सोबत होता. वावराच्या बांधावर काळीने नाक वर केले, दाट ज्वारीकडे पाहिले आणि खाली बसली. आत काय होते ते कोणालाच दिसत नव्हते. वीस माणसांनी माझ्याकडे पाहिले. माझा अर्धा भुईमूग उकरून पडला होता आणि उरलेला उकरला जाणार हे मला स्पष्ट दिसत होते.

"चला घरी," मी म्हणालो.

उरलेलाही गेला. त्या सुगीत ज्वारीचे सूप मी स्वतः मळ्यात नेऊन दिले. काळीने मान वर करून पाहिले, मला ओळखले, आणि पुन्हा पायांवर तोंड ठेवले.