फौजी आणि वाया जाणारा गॅस

बंदुकीच्या नळीवर, टोकाच्या जरा अलीकडे, नखानं टकटक करत आमचे फौजी हळहळायचे, "हितं एक बारीक भोक पायजे हुतं."

सणसरच्या आमच्या बँकेचे ते पहारेकरी, मी तिथली कॅशियर. उभी नोकरी पलटणीत रायफली दुरुस्त करण्यात गेली आणि उतारवयात हाती आली बँकेची एकनळी बंदूक. एक बार काढला की ती बिजागरीत मोडून उघडा, पुंगळी काढा, नवी गोळी भरा. "एवढा गॅस नुसता वाया," म्हणायचे. तरी गणवेश रोज कडक इस्त्रीचा. घरी बसलो तर गंज चढंल, ही त्यांची एकच भीती.

पेंगणारे पहारेकरी तुम्हीही पाहिले असतील. आमचे पेंगत नसत, शिकवत. पैसे काढायला आलेल्यानं आधी रायफल समजून घ्यायची. गोळी पुढं पळते, तिच्यामागचा थोडा गॅस त्या भोकातून शिरून पिस्टनला मागं ढकलतो, रिकामी पुंगळी बाजूला उडते, स्प्रिंग सगळं पुन्हा पुढं आणते आणि नवी गोळी आत बसते. एका आजींनी विचारलं, मग शिट्ट्या किती होतात?

उसाचं बिल जमा झालं त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोक कावलेले. फौजींनी त्यांची तोंडं दाराकडे फिरवून रांगेचीच रायफल केली. दाराजवळचे म्हातारे आबा गोळी, मागचे दोघं गॅस, एक पैलवान पिस्टन आणि आमचे जुने खातेदार तात्या पुंगळी. "फायर" म्हणताच आबा धोतर सावरत दाराबाहेर पळाले, पैलवान मागं रेटत आला आणि तात्या उडाले ते थेट नव्या साहेबांच्या केबिनमध्ये. साहेबांना दिसलं काय? बंदूकवाला ओरडतोय, लोक पळताहेत. ते टेबलाखाली शिरले आणि तिथूनच त्यांनी सायरन दाबला.

पोलीस आले, हसून, चहा पिऊन गेले. साहेब मात्र हसले नाहीत. कॅमेरे बसणारच होते, फौजींना महिनाअखेर नारळ मिळाला. तात्या खातं बंद करायला निघाले. मी तर वरपर्यंत भांडायला तयार होते, इतका संताप आला होता.

फौजींनी बंदूक मोडून रिकामी असल्याचं दाखवलं, ती टेबलावर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. पुंगळी आत अडून बसली, तर अख्खी रायफल बंद पडती."

कडक सलाम ठोकला आणि गेले.

आता दारावर कॅमेरा आहे. गर्दी झाली की तात्या त्याच्याखाली उभे राहतात आणि आबांच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणतात, "फायर."

आबा हलत नाहीत.